नागपुरात पाणी ९९ ला उकळतं: मोजायचं कसं, वहीत लिहायचं कसं

विज्ञानाची प्रयोगवही पहिल्यांदाच हातात आलेल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी हे लिहिते आहे. त्यांना शिकवायला पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या शिक्षकांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातलं निम्मं मी स्वतःच्या चुकांतून शिकले.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकते. नोकरीचं पहिलं वर्ष. पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग घेतला. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस, म्हणून सगळ्या वर्गाच्या वह्यांत १००. एकीच्या वहीत मात्र ९९. मी त्या ९९ भोवती लाल गोल काढला, शेजारी १०० लिहिलं आणि अर्धा गुण कापला. ती म्हणाली, "पण मॅडम, पारा तिथंच थांबला होता. मग काऊन कापले?" मी म्हटलं, "नीट बघायचं."

नीट तिनंच बघितलं होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी थोडं आधीच उकळतं. साधारण ३०० मीटरला एक अंश, असा हिशेब धरा. म्हणजे आपल्याकडे पाणी ९९ च्या आसपासच उकळायचं. बाकीच्या पोरांनी तापमापीकडे पाहिलंच नव्हतं, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी दिले होते.

तेव्हापासून माझ्या वर्गात एकच मोठा नियम आहे: जे दिसलं ते लिहायचं. बाकीचं सगळं त्या दिसण्यात गफलत होऊ नये म्हणून.

एकक आधी ठरवा

आपण दिवसभरात किती वेगवेगळी मापं वापरतो ते एकदा मोजून बघा. गोकुळपेठेच्या बाजारात भेंडी पाव किलो. सुतार घरी आला की त्याचा टेप इंचात, आणि इंचाच्या आठव्या भागाला तो 'सूत' म्हणणार. प्लॉट चौरस फुटात, गावाकडची शेती एकरात, कापूस क्विंटलमध्ये. आजीला विचारलं तर ती पायली आणि शेरही काढेल. व्यवहारात हे चालतं, कारण समोरच्यालाही तेच माप माहीत असतं. वही मात्र कोण वाचणार, हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणून प्रयोगवहीत मेट्रिकच. लांबीला मीटर, वस्तुमानाला किलोग्रॅम, वेळेला सेकंद. लहान वस्तूला सेंटिमीटर, मिलिमीटर, ग्रॅम. सोय अशी की सगळं दहाच्या पटीत आहे. दशांशचिन्ह इकडून तिकडे सरकवलं की झालं. १६ आण्यांचा रुपया जाऊन १०० नव्या पैशांचा रुपया आला तो १ एप्रिल १९५७ ला. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं सुरू झाली.

जुन्या मापातला आकडा बघायचा असेल तर विधानभवनाजवळच्या झिरो माईलला जा. चार घोडे आणि तो वालुकाश्माचा खांब रोज बसमधून दिसतो, पण उतरून खालची अक्षरं वाचणारे थोडे. तिथं गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, वहीत घ्या आणि बदलून बघा. या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. फुटाला ०.३०४८ नं गुणलं की ३१०.९५ मीटर. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या ९९ चा पुरावा भर चौकात उभा होता!

एककाची चिन्हं इंग्रजी अक्षरांत लिहीत असाल तर एवढं सांभाळा. किलोचा 'के' छोटा. मोठा 'के' लिहिला तर ते केल्विन, म्हणजे तापमान झालं. मिलीचा 'एम' छोटा. मोठा 'एम' म्हणजे मेगा, आणि या दोघांत शंभर कोटी पटींचा फरक आहे. पुढे अनेकवचनाचा 'एस' नाही. आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये थोडी जागा सोडा.

पट्टी: सोपी वाटते म्हणूनच चुकते

पट्टी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: हिच्यावरचा सगळ्यात छोटा भाग केवढा? शाळेच्या पट्टीवर तो १ मिलिमीटर असतो. यालाच लघुतम माप म्हणतात. प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येक उपकरणाचं लघुतम माप वहीत लिहून टाका. लिहिलं की आपोआप लक्षात राहतं की या पट्टीनं ४.३ सेमी सांगता येईल, ४.३२७ सेमी नाही.

दुसरं, शून्य कुठे आहे ते बघा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर बऱ्याचदा कडेपासून थोडी जागा सोडून शून्य असतं. जुन्या लाकडी पट्टीचं टोक तर झिजून गोल झालेलं असतं. अशा वेळी १ वरून सुरुवात करा. खोडरबराची एक कड १.० वर, दुसरी ५.३ वर, तर लांबी ४.३ सेमी. दर वर्षी चार-पाच जण ५.३ लिहितात. एक वजा करायचं राहून जातं. म्हणून मी 'सुरुवात', 'शेवट' आणि 'लांबी' असे तीन रकानेच पाडायला लावते.

तिसरं, डोळा. पट्टी आडवी ठेवा, खोडरबर तिच्यावर ठेवा, आणि डावीकडून झुकून वाचा, मग उजवीकडून. आकडा एक-दोन मिलिमीटरनं सरकेल. डोळा बरोबर रेघेच्या वर हवा. हे सांगून कुणाला पटत नाही, दोन्हीकडून वाचायला लावलं की पटतं.

आणि बरोबर चार सेंटिमीटर भरलं तर '४' नाही, '४.०' लिहा. त्या शून्याचा अर्थ असा की मी मिलिमीटरपर्यंत बघितलं आणि वर एकही मिलिमीटर नव्हता.

पट्टीच्या कुवतीपेक्षा बारीक काही मोजायचं तर युक्ती लढवावी लागते. एका कागदाची जाडी पट्टीनं मोजता येत नाही. पण २०० पानी वहीत १०० कागद असतात. पुठ्ठे बाजूला धरा, बाकीचा गठ्ठा दाबून मोजा. ८ मिलिमीटर भरला तर एक कागद ०.०८ मिलिमीटर. थेंबाचंही तसंच: ड्रॉपरनं १०० थेंब पाडा, किती मिलिलिटर झालं बघा, आणि भागा.

काटा आणि कूलर

आपण बोलताना 'वजन' म्हणतो, वहीत 'वस्तुमान' लिहायचं, एकक ग्रॅम किंवा किलोग्रॅम. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. ते न्यूटनमध्ये मोजतात. सध्या एवढा फरक पुरे.

इलेक्ट्रॉनिक काटा सपाट जागी ठेवा, सुरू करा, शून्य येऊ द्या. वाटीत घालून काही मोजायचं तर आधी रिकामी वाटी ठेवून शून्याचं बटण दाबा, किंवा वाटीचं वस्तुमान वेगळं लिहून नंतर वजा करा. मी दुसरी पद्धत करायला लावते, कारण मध्येच काटा बंद पडला तर पहिल्या पद्धतीत सगळंच मुसळ केरात.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक भानगड. कूलर सुरू असला की एक शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरचे शेवटचे दोन आकडे एका जागी ठरतच नाहीत. वाऱ्याचा झोत पारडं दाबतो. पोट्टे काटा खराब आहे म्हणून तक्रार करतात. काटा ठीक असतो. कूलर दोन मिनिटं बंद करा. वर्गातून जो आरडाओरडा होतो तो सहन करावा लागतो.

मोजपात्र

काचेच्या मोजपात्रात पाणी ओतलं की त्याची पातळी सपाट दिसत नाही, काचेला लागून थोडी वर चढते आणि मध्ये खोलगट होते. आकडा त्या खोलगट भागाच्या तळाशी वाचायचा. मोजपात्र उचलून डोळ्यासमोर आणू नका, हातात ते तिरपं होतं. ते टेबलावर राहू द्या, तुम्ही वाका.

दोन रेघांमध्ये किती मिलिलिटर आहे हे प्रत्येक वेळी बघा. १०० मिलीच्या मोजपात्रावर बहुधा १ मिली, २५० मिलीच्यावर २ मिली. घाईत सगळेच एक धरतात आणि १४६ चं १४३ होतं.

एक नातं पाठ करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतं: १ मिलिलिटर म्हणजेच १ घन सेंटिमीटर, आणि एवढ्या पाण्याचं वस्तुमान जवळजवळ १ ग्रॅम. त्यामुळे मोजपात्रावर शंका आली तर काट्यावर पडताळता येतं आणि काट्यावर आली तर मोजपात्रानं.

तापमापी

ताप मोजायचा थर्मामीटर आणि प्रयोगशाळेचा थर्मामीटर यांत गल्लत नको. तापाचा ३५ ते ४२ अंशांपर्यंतच असतो. गरम पाण्यात घातला तर फुटतो. पाऱ्याच्या तापाच्या थर्मामीटरमध्ये पारा वर चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही, म्हणून मे महिन्यात कपाटातून काढलेला थर्मामीटर कुणालाही न लावता ४१ दाखवतो. खोलीलाच ताप आलेला असतो! प्रयोगशाळेच्या तापमापीचं उलट आहे, पाण्यातून बाहेर काढली की पारा लगेच सरकायला लागतो. म्हणून ती पाण्यात असतानाच वाचा, आणि तिचा फुगा, म्हणजे पारा भरलेलं खालचं टोक, भांड्याच्या तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाऱ्याची तापमापी फुटली तर पाऱ्याला हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि शिक्षकांना सांगायचं.

वापरण्याआधी तापमापीचीच परीक्षा घ्या. बर्फ कुटून भांड्यात भरा, थोडं वितळू द्या, त्यात फुगा बुडवून पाच मिनिटं थांबा. शून्य दाखवायला हवं. १ दाखवला तर ही तापमापी तिथं एक अंश जास्त सांगते. मग वहीत वाचलेला आकडा आणि दुरुस्त आकडा, दोन्ही लिहा. ९९ वरून गुण कापले त्याच्या पुढच्या वर्षीपासून मी उकळण्याचा प्रयोग बर्फाशिवाय घेतच नाही. बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९९ आलं, की ते ९९ कुणी खोडू शकत नाही.

हवेचं तापमान घ्यायचं तर सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, भिंतीला न टेकवता. हवामान खात्याची तापमापीही पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जवळपास एवढ्याच उंचीवर असते. उन्हात ठेवलेली तापमापी हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापली ते सांगते. मे महिन्यात "आमच्या गच्चीवर ५२ होतं" असं सांगणारे बहुतेक वेळा हीच चूक करतात.

वेळ: शून्यापासून मोजा

एक मीटर दोऱ्याला नट बांधा आणि झुलवा. एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत येण्याला, जवळजवळ २ सेकंद लागतात. एकच झोका मोजला तर स्टॉपवॉचचं बटण दाबायला होणारा उशीरच मोठा ठरतो, म्हणून १० झोके मोजून १० नं भागायचं.

इथं एक गमतीची चूक होते. घड्याळ सुरू करताना मुलं "एक" म्हणतात. "दहा" म्हणेपर्यंत झोके नऊच झालेले असतात. वेळ येते १८ सेकंद, उत्तर १.८. सुरू करताना "शून्य" म्हणा. एकदा मी दोन गट पाडले, एकाला "एक" म्हणायला लावलं, दुसऱ्याला "शून्य", आणि काहीच न सांगता दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. चूक कुठे आहे ते शोधायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. सांगून दोन मिनिटांत झालं असतं, पण मग विसरायलाही दोनच मिनिटं लागली असती.

वहीत काय, कसं

वर तारीख, वेळ आणि जागा. उपकरणं आणि त्यांची लघुतम मापं. मग तक्ता. एकक तक्त्याच्या डोक्यावर एकदाच लिहा, 'लांबी (सेमी)' असं, म्हणजे खाली प्रत्येक ओळीत लिहावं लागत नाही आणि मध्येच एखादा आकडा मिलिमीटरमध्ये घुसत नाही.

आकडा दिसला की त्याच क्षणी वहीत, पेननं. हातावर नाही, डब्याच्या कागदावर नाही, "घरी जाऊन फेअर करू" तर मुळीच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, शेजारी नवा आकडा लिहा. खोडू नका, व्हाइटनर लावू नका. कापलेला आकडा वाचता आला पाहिजे, कारण कधी कधी तोच बरोबर निघतो. सुबक वहीला जास्त गुण द्यायची सवय आपल्याकडे आहे. माझ्यापुरती मी ती सोडली. खाडाखोड असलेली वही पाहिली की मला बरं वाटतं.

प्रत्येक माप तीनदा घ्या. ७.१, ७.२, ७.१ आलं तर सरासरी काढताना कॅल्क्युलेटर ७.१३३३३३ दाखवेल. वहीत ७.१ लिहा. पट्टीला जे दिसलं नाही ते कॅल्क्युलेटरला कुठून दिसणार? तीनपैकी एक ८.१ आलं तर ते गुपचूप गाळू नका आणि सरासरीत मिसळूनही टाकू नका. चौथ्यांदा मोजा, आणि ८.१ का आलं असेल ते बाजूला लिहा.

निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवा. "पाणी उकळलं" हे अनुमान. "तळापासून मोठे बुडबुडे पृष्ठभागापर्यंत आले, वाफ दिसली, तापमान ९९ अंशांवर तीन मिनिटं स्थिर" हे निरीक्षण. अनुमान उद्या बदलू शकतं, निरीक्षण बदलत नाही.

घरी करायचा एक प्रयोग: पाऊस

जुलैत करा. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा मोकळ्या जागी ठेवा, झाड आणि भिंतीपासून लांब. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा असतो, तुम्हीही तीच वेळ धरा. पट्टीनं पाण्याची उंची मोजा. एकक मिलिमीटर, मिलिलिटर नाही. दर वर्षी निम्मा वर्ग इथं घसरतो. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, उंची तीच येते, म्हणून तर पाऊस लांबीत मोजतात. १ मिमी पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला तर २००० लिटर वाहून गेलं.

सगळं एकत्र: एक संत्रा

डिसेंबरात अंबिया बहाराचा किंवा फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराचा, कुठलाही चालेल. काट्यावर ठेवा. आमचा १३८ ग्रॅम भरला, लघुतम माप १ ग्रॅम.

रुंदी मोजायला त्याच्या दोन बाजूंना दोन कंपासपेट्या उभ्या टेकवा आणि मधलं अंतर पट्टीनं घ्या. आमचं ७.१ सेमी. देठ वर ठेवून उंची ६.१ सेमी, म्हणजे संत्रा गोल नसतो, चपटा असतो. पडताळायला पोटाभोवती न ताणणारा दोरा गुंडाळला: परीघ २२.३ सेमी. ३.१४ नं भागलं, ७.१. जुळलं.

आता आकारमान. डबा थाळीत ठेवून पाण्यानं काठोकाठ भरा, संत्रा सोडा. तो तरंगेल, म्हणून दोन दाभणांनी दाबून बरोबर पृष्ठभागाखाली न्या. बोटं बुडवू नका, नाहीतर बोटांचंही आकारमान मोजलं जाईल. थाळीत सांडलेलं पाणी मोजपात्रात ओता. तीनदा केलं: १६०, १५८, १६१ मिली. सरासरी १६०. पुन्हा भरण्याआधी दर वेळी थाळी पुसून घ्यावी लागते, पहिल्यांदा आम्ही विसरलो होतो आणि तो आकडा रेघ मारून वहीत तसाच आहे. १३८ भागिले १६० म्हणजे दर मिलिलिटरला ०.८६ ग्रॅम. पाणी १, संत्रा त्याहून कमी, म्हणून तरंगला.

मग सोलला. साल ३३ ग्रॅम, फोडी १०२ ग्रॅम. बेरीज १३५. तीन ग्रॅम कुठे गेले यावर वर्ग भांडला: एक म्हणाला रस उडाला, एक म्हणाली बोटांना चिकटला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला की तीन वेळा काटा वाचला तर दर वेळी थोडं थोडं चुकलंच असेल. तिन्ही कारणं लिहिली, '३ ग्रॅम कमी' हेही लिहिलं, आणि मग फोडी वाटल्या.